आरएक्सला आरएस अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन, आंबोली घाटात वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो म्हणजे घाईतल्या माणसाला खालीपर्यंत जायला नको. आरएस, म्हणजे वितळलेलं झटक्यात गोठवून केलेलं अ‍ॅल्युमिनियम, हा माल एक नंबर आहे, तापून नरम पडत नाही, पण स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशी, यामाहा आरएक्स हंड्रेड बाईक घेऊन बाजारात जाणाऱ्या माणसाला ह्याची काडीची गरज नाही, आणि एकूण खर्च घरात सांगता येण्यासारखा नाही. मालाला पाचपैकी साडेचार, ज्याच्याकडून बार, म्हणजे ह्या धातूचा गज, मागवला त्या सप्लायरला दोन (तेही मेहरबानी), आणि कुडाळ एमआयडीसीतल्या ज्या दादांनी त्या बारचा पिस्टन काढून दिला त्यांना पाचच्या पाच.

गाडीची कुंडली थोडक्यात. आरएक्स हंड्रेड, १९८५ ला आली, १९९६ ला बंद झाली, ९८ सीसी, बोर ५० आणि स्ट्रोक पण ५०, कंपनीचे ११ हॉर्सपॉवर. माझी मात्र कंपनीची राहिलेली नाही, पोर्ट (सिलिंडरमधल्या गॅस जायच्या-यायच्या खिडक्या) वाढवलेत, हेड घासलंय, सायलेन्सरचा चेंबर बदललाय, त्यामुळे पॉवर वाढली तशी उष्णता पण वाढली आणि बिचाऱ्या ब्लॉकच्या फिन्स (वाऱ्याने थंड करणाऱ्या पात्या) तेवढ्याच राहिल्या. सावंतवाडीहून दाणोलीपर्यंत काही वाटत नाही, पण तिथून पुढे आंबोलीपर्यंत, म्हणजे जवळजवळ समुद्राच्या लेव्हलवरून ६९० मीटरपर्यंत, मे महिन्यात, मागे माणूस आणि त्याच्या मांडीवर फणस, पुढे रेंगाळणारा वाळूचा डंपर, थ्रॉटल पूर्ण आणि स्पीड वीस, अशा वेळी फिन्सवर वारा कसला लागतोय. टू स्ट्रोकला प्रत्येक फेरीला स्फोट, एअरकूल्ड, पिस्टनचा क्राउन, म्हणजे वरचं डोकं, तीनशे डिग्रीच्या आसपास आरामात जातो. मग होतं काय, क्राउन नरम पडतो, वरची रिंग ज्या खाचेत बसते ती खाच हळूहळू मोकळी होते, रिंग चिकटते, कॉम्प्रेशन जातं, आणि एक दिवस वळणावर इंजिन जाम होऊन मागचं चाक घासत जातं. बाजारात जे डुप्लिकेट पिस्टन मिळतात (नाव घेत नाही, सगळ्यांना माहिती आहेत) त्यांचं आयुष्य अशा गाडीत एका सीझनचं.

तर हा आरएस म्हणजे रॅपिडली सॉलिडिफाइड अ‍ॅल्युमिनियम प्रकार काय आहे ते आधी लिहितो, कारण सप्लायरच्या माणसाला विचारलं तर तो फक्त "एरोस्पेस ग्रेड आहे सर" एवढंच बोलतो. मी कोकणात परत यायच्या आधी काही वर्षं कोल्हापूरला, शिरोलीत, फाउंड्रीत काढलीत. अ‍ॅल्युमिनियमच्या फाउंड्रीत लोखंड म्हणजे दुश्मन. लोखंडी पळी मेटलमध्ये बुडवायची तर आधी तिला कोटिंग लावायचं, नाहीतर मेटल लोखंड उचलतं आणि कास्टिंगमध्ये लोखंड-सिलिकॉनच्या लांब लांब सुया तयार होतात, जॉब त्या सुयांच्या टोकापासून तडकतो. कारण असं की गोठलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये लोखंड विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल, जास्तीत जास्त ०.०५ टक्के, ते पण साडेसहाशे डिग्रीला. बाकीचं सगळं बाहेर पडतं आणि सावकाश थंड होताना जाडजूड होऊन बसतं.

आता तेच मेटल सावकाश थंड होऊच दिलं नाही तर? पाक निवांत ठेवला तर खडीसाखरेचे खडे होतात आणि घोटत भराभर थंड केला तर पिठीसारखी बारीक साखर होते, तसाच हा मामला. वितळलेल्या मेटलची बारीक धार जोरात फिरणाऱ्या तांब्याच्या चाकावर सोडतात, ती चाकाला लागल्या लागल्या गोठते आणि वीस ते शंभर मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीची फीत बनून उडते. थंड व्हायचा वेग सेकंदाला दहा लाख डिग्रीच्या घरातला. एवढ्या वेळात सुई वाढायला सवडच नाही. ह्या सगळ्याची सुरुवात १९६० मध्ये कॅलटेकला पोल डुवेझ नावाच्या प्रोफेसरांनी केली, सोनं आणि सिलिकॉनचं मिश्रण इतक्या झटक्यात गोठवलं की त्याची क्रिस्टल न होता काच झाली. अ‍ॅल्युमिनियमवाल्यांना काच नको होती, त्यांना बारीक दाणा पाहिजे होता, तो मिळाला.

मग त्या फितींचे तुकडे करायचे, व्हॅक्यूममध्ये तापवून त्यातला गॅस काढायचा, दाबून ठोकळा करायचा आणि गरम असतानाच एक्सट्रूड करून, म्हणजे साच्याच्या भोकातून दाबून, बार काढायचा, पण हे सगळं करताना मेटल परत वितळू द्यायचं नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि मजा बघा, जे लोखंड आम्ही शिव्या घालून बाहेर ठेवत होतो तेच इथे मुद्दाम आठ-साडेआठ टक्क्यांपर्यंत घालतात. अमेरिकेत अलाइड सिग्नलने १९८० च्या दशकात ८००९ नावाचा अलॉय (मिश्रधातू) काढला, त्यात साडेआठ टक्के लोखंड, १.३ व्हॅनेडियम, १.७ सिलिकॉन. त्यात सुयांच्या जागी गोल गोल कण, मायक्रॉनच्याही दहाव्या भागापेक्षा लहान, आणि एकूण धातूच्या चौथाई हिश्श्याहून जास्त. लोखंड अ‍ॅल्युमिनियममध्ये विरघळत नाही तसं ते त्यातून फारसं हलत पण नाही, म्हणून हे कण तापवले तरी सहजासहजी मोठे होत नाहीत. आपल्या नेहमीच्या मजबूत अलॉयमध्ये ताकद तांबं-मॅग्नेशियम-झिंकच्या बारीक कणांनी येते, आणि हे गडी दोनशेच्या पुढे गेलं की भराभर हलायला लागतात, लहान कण संपतात, मोठे माजतात, ताकद खल्लास. उष्णतेचा सगळा फरक ह्या एका गोष्टीत आहे.

म्हणून कोणी "सेव्हन झिरो सेव्हन फाइव्ह टाक, विमानाचं अ‍ॅल्युमिनियम आहे" म्हणाला की त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. ७०७५ ची ओढून तोडायची ताकद थंड असताना ५७० मेगापास्कल, ऐकायला भारी वाटतं, पण दोनशे डिग्रीला खूप वेळ ठेवून ओढलं तर ११० उरतात. २६१८, ज्याचे रेसिंगचे फोर्ज्ड पिस्टन येतात, ते थंड ४४०, दोनशेला २२०, २६० ला ९० आणि ३१५ ला जेमतेम ५०. काँकॉर्ड विमानाचं अंग ह्याच घराण्यातल्या अलॉयचं होतं आणि त्याचा वेग आवाजाच्या दुपटीच्या आसपास अडकला त्यामागे हेच एक मोठं कारण, हवा घासून कातडं तापतं आणि त्या पुढे अ‍ॅल्युमिनियमवर भरवसा ठेवता येत नाही. उलट ८००९ थंड असताना साडेचारशेच्या आसपास, म्हणजे ७०७५ पेक्षा कमीच, पण ३१५ डिग्रीला अजून अडीचशेच्या आसपास उभं. ७०७५ आणि २६१८ चे वरचे गरम आकडे कॅटलॉगमधले, दहा हजार तास तापवून ठेवल्यानंतरचे असतात, आपला पिस्टन इतका वेळ भट्टीत बसत नाही हे मान्य, पण कोण घसरतंय आणि कोण टिकतंय ते त्यातून कळतं. पिस्टन घेताना थंड ताकद विचारूच नका, अडीचशे-तीनशे डिग्रीला किती उरते ते विचारा, आणि समोरच्याला सांगता नाही आलं तर तुम्ही पण उठा.

माझा बार मात्र ८००९ नाही. ८००९ ला एक खोड आहे, दीडशे ते दोनशे डिग्रीच्या पट्ट्यात ते थोडं कडक-ठिसूळ वागतं, लांबण कमी होते, शिवाय प्रसरण नेहमीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या जवळपास. पिस्टनला सिलिकॉनवाला भाऊ बरा, साधारण २० टक्के सिलिकॉन, ५ लोखंड, २ निकेल. साध्या कास्टिंगमध्ये २० टक्के सिलिकॉन घातलं तर त्याचे पन्नास-शंभर मायक्रॉनचे दगड होतात, इथे ते दोन-चार मायक्रॉनमध्ये राहतात, त्यामुळे घासणीला कडक आणि तरी तडकत नाही. भाचा पुण्याला एका कंपनीत परचेसला आहे, त्याच्या ओळखीने छोट्या क्वांटिटीत बार मिळाला. युरोपात नेदरलँड्सला डेल्फझाइलमध्ये आरएसपी टेक्नॉलॉजी म्हणून कंपनी तांब्याच्या चाकावरच्या पद्धतीनेच असे अलॉय बनवते, त्यांचा ६०६१ चा बारीक दाण्याचा प्रकार तर दुर्बिणींच्या आरशांना वापरतात, हिऱ्याच्या टूलने कातला की चेहरा दिसतो. माझा बार कुठून आला ते सप्लायर शेवटपर्यंत नीट सांगेना, सर्टिफिकेट मागितलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर एक तिरका फोटो, हीट नंबर (माल कुठल्या घाणीतला ते सांगणारा नंबर) अर्धा कापलेला. दोन मार्क म्हटलं ते ह्याचेच.

सर्टिफिकेटवर विश्वास नसल्यामुळे एक टेस्ट केली, ती तुम्ही पण करा. बारची पातळ चकती कापून ओळखीच्या एका लॅबच्या मफल फर्नेसमध्ये साडेचारशेच्या वर काही तास ठेवली. फितींवर किंवा पावडरवर ओलावा धरलेला असतो, गॅस नीट काढला नसेल तर आत हायड्रोजन राहतो आणि तापवल्यावर वर फोड येतात, पापडासारखे. माझ्या चकतीला एका कडेला दोन बारीक फुगे आले, बाकी सगळी साफ. कडेचा भाग कापून फेकला आणि मधला वापरला. ज्याने पापड आला तरी तोच बार लावला त्याचं पिस्टन घाटात फुटलं तर मला फोन करू नये.

आता दादांचं काम. दादांनी पहिला कट घेतला आणि म्हणाले, "रे, ह्यां काय घेवन इलंस? माझो इन्सर्ट खाता ह्यां, पैसे कोण देतलो?" खरंच, साधा कार्बाइड इन्सर्ट (लेथची कापायची टिप) थोड्याच वेळात बोथट, सिलिकॉन कानशीसारखं घासतं. मग पीसीडीचा, म्हणजे हिऱ्याच्या पावडरचा टिप असलेला इन्सर्ट मागवला आणि काम लोण्यासारखं चाललं, चिप लांब न निघता भुगा पडत होता, फिनिश असा की तेल पुसल्यावर पण चकाकी जाईना. आतली बाजू व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) पोखरली, इनटेकच्या बाजूची खिडकी, रिंगच्या खाचा, रिंग फिरू नये म्हणून बसवायच्या बारीक पिना, गजन पिनचं (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनचं) बोअर, सगळं जुन्या पिस्टनवरून मापं घेऊन. स्कर्ट, म्हणजे पिस्टनचा खालचा घेर, पूर्ण गोल नसतो, किंचित अंड्यासारखा आणि वरून निमुळता असतो, हे साध्या लेथवर निघत नाही, ज्या टर्नरला हे माहीत नाही त्याच्याकडे कृपा करून जाऊ नका. दादांनी डायल लावून दर पंधरा अंशांवर माप घेतलं आणि वहीत लिहून दिलं, हस्ताक्षर डॉक्टरसारखं आहे पण माप चोख.

क्लिअरन्सबद्दल, म्हणजे पिस्टन आणि सिलिंडरमधल्या फटीबद्दल, सगळे विचारतात म्हणून हिशोब करून दाखवतो. ५० मिलिमीटरचा पिस्टन, समजा स्कर्ट १२० डिग्रीने तापला, २६१८ चं प्रसरण डिग्रीला लाखात सव्वादोनच्या जवळ, म्हणजे व्यास पॉइंट वन थ्री मिलिमीटर फुगतो. ह्या सिलिकॉनवाल्याचं लाखात पावणेदोनच्या आत, म्हणजे साधारण पॉइंट वन झिरो. फरक पॉइंट झिरो थ्रीचा, ऐकायला काहीच नाही, पण पिस्टन क्लिअरन्सच्या दुनियेत हे केवढं मोठं आहे ते बोरिंगवाल्याला विचारा. फोर्ज्ड पिस्टन मोकळा ठेवावा लागतो म्हणून थंडीत सकाळी टकटक वाजतो, हा तेवढा मोकळा ठेवावा लागत नाही, म्हणून पावसात आंबोलीला सकाळी किक मारली तरी आवाज शांत. होनिंग, म्हणजे सिलिंडरची आतली घासाई, नवीन करून घेतलं, जुन्या घासलेल्या लायनरमध्ये कोंबला नाही, हे वेगळं सांगायला नको पण सांगतो, कारण लोक तेच करतात.

चालवून कसं वाटलं. खरं सांगू, पहिल्या दिवशी काहीच फरक वाटत नाही. पिस्टनने पॉवर वाढत नाही, जो सांगतो तो विकणारा असतो. फरक कळला तो आंबोलीच्या शेवटच्या टप्प्यात आणि नंतर करूळ घाटात गगनबावड्याकडे चढताना, जिथे पूर्वी वरच्या वळणांवर गाडी जड व्हायची, पिकअप मंदावायचा, थांबून तिला वारा घालावा लागायचा, तिथे आता सुरुवातीला जशी ओढते तशीच ओढते. पाऊस संपल्यावर ब्लॉक उघडला. वरची रिंग खाचेत मोकळी हलत होती, खाचेच्या कडा धारदार, क्राउनवर नेहमीचं तपकिरी कार्बन. तरी नुसतं डोळ्यांवर भरवसा नको म्हणून परत त्याच लॅबमध्ये कडकपणा बघितला. जुना एक फोर्ज्ड २६१८ चा पिस्टन माझ्याकडे पडून होता, ह्याच गाडीत वापरलेला. त्याच्या स्कर्टला ब्रिनेल (कडकपणाचं माप) ११५ च्या आसपास आणि क्राउनच्या मध्यावर सत्तरच्या घरात, म्हणजे वरचा भाग भाजून मऊ झालेला, खालचा अजून फॅक्टरीसारखा. नवीन आरएसच्या क्राउन आणि स्कर्टमध्ये फरक मशीनच्या चुकीइतकाच, शोधून पण सापडला नाही. अ‍ॅल्युमिनियम वितळेपर्यंत लाल होत नाही, त्यामुळे किती तापलं ते नुसतं बघून कळत नाही, पण कडकपणा चुगली करतो. ज्यांच्याकडे जुने पिस्टन पडलेत त्यांनी एकदा मोजून बघा, आपलं इंजिन किती भाजतंय ते कळेल.

आता वाईट बाजू, आणि ती छोटी नाही. कोकणात आपण काहीही टाकून देत नाही, क्राउनला भोक पडलं तर वेल्डिंग भरतो, रिंगची खाच मोकळी झाली तर भरून परत काढतो, पार मोडलं तर भंगारात जातं आणि दुसऱ्या कशात तरी वितळतं. ह्याला ते चालत नाही. वेल्डिंगचा आर्क लागला की तेवढा भाग वितळला, आणि वितळला की परत सावकाश गोठणार, परत त्याच लांब सुया आणि दगड, वर आतल्या गॅसची छिद्रं. चाकावर सेकंदाच्या हजाराव्या भागात जे कमावलं ते गेलं. म्हणजे हा पिस्टन दुरुस्त होत नाही, असाच्या असा बदलायचा. आणि बदलायचा म्हणजे परत बार, परत पीसीडी, परत दादा. एकूण खर्चात डुप्लिकेट पिस्टन डझनभर आले असते, चांगले फोर्ज्ड पण दोन-तीन आले असते.

दुसरं, बार एक्सट्रूड केलेला असल्यामुळे लांबीच्या दिशेने जास्त मजबूत असतो आणि आडवा थोडा कमी. पिस्टन कापताना क्राउन बारच्या टोकाकडे ठेवतात, म्हणजे गजन पिनच्या बोअरवर भार कुठल्या दिशेने येतो ते बघून भिंत जाड ठेवायची. आम्ही ठेवली, वजन थोडं वाढलं, सात हजारच्या वर हँडलला जरा जास्त व्हायब्रेशन जाणवतं. रेसवाले हलकं करतात, मला हिंमत नाही.

मालवण-देवगडकडचे दोन-तीन जण होडीच्या आउटबोर्ड इंजिनासाठी विचारत होते. बाबांनो, आउटबोर्डला समुद्राचं पाणी फिरतं, पिस्टन आमच्यासारखा भाजत नाही, तुमचं दुखणं मीठ आणि खराब पेट्रोल-ऑइल मिक्स आहे, वॉटर पंपाचा इम्पेलर वेळेवर बदला, पैसे वाचतील. लोखंड-निकेल घातलेलं अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात उघडं ठेवायला पण मी सांगणार नाही, बाकी काही नाही तरी ह्या एका बाबतीत फाउंड्रीतले जुने लोक बरोबर होते. आणि स्टॉक आरएक्सवाल्यांनी आधी कार्ब्युरेटरचा मेन जेट बघा, प्लगचा कलर बघा, सायलेन्सरचा कार्बन काढा, इंजिन गरम होण्याची अर्धी कारणं तिथेच असतात. ज्यांनी पोर्टिंग केलंय, जे घाटात लोड घेऊन फिरतात आणि वर्षाला एक पिस्टन खातात, त्यांनी विचार करायला हरकत नाही.

कोणाला करायचाच असेल तर मिल सर्टिफिकेट पूर्ण मागा, फर्नेसमध्ये चकती भाजून बघा, आणि पीसीडी इन्सर्टचे पैसे आधीच धरून चला. दादांकडे जायचं असेल तर पण गणपतीच्या आधी जाऊ नका, मशीनवर कोणी नसतं, सगळे माटवीच्या तयारीत. विसर्जनानंतर आठवडाभराने जा, जुना पिस्टन आणि लायनर दोन्ही सोबत घेऊन जा. माझा उरलेला तुकडा विकायचा नाही, दुसऱ्या पिस्टनला लागणार आहे.